परभणीच्या एका व्हिडिओ लायब्ररीची कव्हरं: एक प्रकरण अभ्यास

परभणीत स्टेशन रोडला लागून असलेल्या एका गल्लीत 1980 च्या दशकाच्या मध्यापासून एक व्हिडिओ लायब्ररी चालायची. आधी व्हीएचएस कॅसेटी, मग व्हीसीडी, शेवटी डीव्हीडी आणि त्याच काउंटरवर मोबाइल रिचार्ज. नंतर तेही थांबलं आणि शटर खाली आलं ते आलंच. मालकांना सगळी गल्ली अण्णा म्हणते. आता वय झालंय, पण कोणत्या नंबरची कॅसेट कुठल्या फळीवर होती हे आजही तोंडपाठ आहे. त्यांच्या पुतण्यानं तीच जागा चहा-नाश्त्याच्या दुकानासाठी मागितली. अण्णांनी एका अटीवर दिली: आतला माल भंगारात जाणार नाही.

माल बराच निघाला. कॅसेटींनी भरलेल्या लाकडी मांडण्या, पोत्यांत कोंबलेल्या रिकाम्या प्लास्टिकच्या डब्या, हिशेबाच्या लांबट वह्या आणि भिंतीवर खिळ्यांना लटकवलेली, पारदर्शक पाकिटांत घातलेली काही शे कव्हरं. पुतण्याला दुकानाला 'रेट्रो' रूप द्यायचं होतं. त्यानं एका मित्राकडून आराखडाही करून घेतला होता आणि छपाईला टाकण्याआधी एकदा नजर टाका म्हणून मला बोलावलं. मी छत्रपती संभाजीनगरात पॅकेजिंगचं डिझाइन करतो. परभणी माझं आजोळ.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण आपल्याकडे रेट्रोच्या नावाखाली जे छापलं जातं त्यात बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाचं तरी लहानपण असतं. इथं परभणीतल्या एका दुकानदाराची डिझाइनची समज जशीच्या तशी हाती लागली होती, आणि दुकान सजवण्याच्या नादात ती पुसली जाणार होती.

पहिला आराखडा

गुलाबी-जांभळ्या निऑन रेषा, ताडाची झाडं, खाली जाळीदार जमीन, कोपरे झिजलेल्या पुठ्ठ्याच्या कॅसेट-खोक्यांची चित्रं आणि कॅसेट रिवाइंड करून परत द्या असं इंग्रजीत सांगणारा गोल स्टिकर. नेटवर तयार मिळणारा साचा होता. त्याचं मूळ अमेरिकेत आहे. तिथं 1985 मध्ये डॅलसला सुरू झालेल्या ब्लॉकबस्टर या कंपनीनं कॅसेटी भाड्यानं देणारी साखळी दुकानं देशभर उभी केली आणि आता ओरेगनमधल्या बेंड गावात त्यांचं एकच दुकान शिल्लक आहे. त्या आठवणीवर तिकडे मोठा बाजार उभा राहिलाय. 2017 मध्ये एका गाजलेल्या मालिकेच्या डिस्क मुद्दाम जुन्या व्हीएचएस कॅसेटसारख्या खोक्यात घालून विकल्या गेल्या, कडा घासल्याच्या खुणाही छापून. तिकडच्या माणसांसाठी ते अगदी खरं आहे. त्यांनी तशीच खोकी हाताळली होती.

परभणीत मात्र भाड्याची कॅसेट पुठ्ठ्याच्या खोक्यात हिंडली नाही. आपल्याकडच्या लायब्रऱ्यांत कडक प्लास्टिकची उघडझाप होणारी डबी असायची, तिच्यावर पारदर्शक आवरण आणि त्या आवरणात सरकवलेलं छापील इनले कार्ड. पुठ्ठ्याचे कोपरे झिजायला इथं पुठ्ठाच नव्हता. इथं जुनेपण दिसायचं ते वेगळ्या ठिकाणी: डबीची मोडलेली बिजागरी, तिच्यावर मारलेली आणि पुढं पिवळी पडून कडक झालेली सेलोटेप, आणि कव्हरचा उडालेला रंग.

मी पुतण्याला एवढंच म्हणालो की हा आराखडा बाजूला ठेवू, आधी अण्णांचा माल नीट बघू. तो तयार झाला. पुढचं सगळं त्यामुळं शक्य झालं.

मुंबईचा थर

कव्हरं टेबलावर मांडली की दोन थर वेगळे दिसतात. खालचा थर मुंबईहून छापून यायचा. त्या काळात व्हिडिओच्या धंद्यात उतरलेल्यांपैकी शेमारू हे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. 1962 मध्ये पुस्तकं फिरवणारी लायब्ररी म्हणून सुरू झालेल्या या संस्थेनं 1979 मध्ये व्हिडिओ भाड्यानं द्यायला सुरुवात केली. अनामत, सभासद क्रमांक, दिवसाचं भाडं, उशिराचा दंड ही सगळी रीत पुस्तकांच्या लायब्रऱ्यांत आधीपासून होती. कॅसेटीच्या दुकानांनी तीच उचलली. 1982 च्या दिल्ली एशियाडच्या वेळी रंगीत दूरदर्शन आलं आणि त्यानंतरच्या काही वर्षांत तालुक्याच्या गावापर्यंत लायब्रऱ्या पोचल्या.

इनले कार्डावरचं चित्र म्हणजे बहुधा सिनेमाचं पोस्टरच, लहान केलेलं. हिंदी पोस्टरची ती शैली दिवाकर करकरे यांच्यासारख्या चित्रकारांनी घडवली होती. ब्रशऐवजी पॅलेट नाइफनं, म्हणजे रंग कालवायच्या पातळ सुरीनं, जाड रंगाचे फटकारे मारायचे, नायकाचा चेहरा अर्धा लाल अर्धा निळा, मागं आग किंवा घोडे. हे सगळं रस्त्यावरून, लांबून दिसावं म्हणून केलेलं. व्हीएचएस कॅसेट साधारण 187 मिलिमीटर लांब, 103 रुंद आणि 25 जाड असते. चौकातलं चित्र एवढ्याशा जागेत आणलं की बाकीचं हरवतं, पण चेहरा टिकतो, कारण मुळात रचनाच एका मोठ्या चेहऱ्याभोवती बांधलेली असते. नटनट्यांच्या नावांच्या मात्र मुंग्या होतात. आणि गंमतीची नव्हे, समजून घेण्याची गोष्ट म्हणजे कित्येक कव्हरांवर सिनेमाच्या नावापेक्षा व्हिडिओ कंपनीचा शिक्का ठळक आहे. गिऱ्हाइकाला त्यातून कळायचं की प्रिंट स्वच्छ असणार.

मागच्या बाजूचा बारीक मजकूर कुणी वाचत नाही, पण आम्हाला वर्गवारीसाठी सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. व्हिडिओ चोरी वाढली म्हणून 1984 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम 52अ आलं. त्यानुसार व्हिडिओ फिल्म काढणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्कदाराची संमती घेतल्याचं निवेदन, हक्कदाराचं नाव-पत्ता आणि सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत कॅसेटवर किंवा तिच्या वेष्टनावर देणं बंधनकारक झालं. त्यामुळं 1984 नंतरच्या रीतसर कव्हराची पाठ मजकुरानं गच्च भरलेली असते. पत्ताच नाही, प्रमाणपत्र नाही, चित्र किंचित धूसर आणि रंगांचे ठसे एकमेकांवर नीट न बसलेले असले की ते कव्हर नकली, हे भिंग न लावताही ओळखू यायला लागलं.

परभणीचा थर

आता खरी गोष्ट. अण्णांच्या दुकानात कॅसेटी काउंटरच्या मागं, साध्या काळ्या डब्यांत, नंबरानं लावलेल्या असायच्या. भिंतीवर फक्त कव्हरं. गिऱ्हाईक कव्हर बघून नंबर सांगणार, अण्णा मागून कॅसेट काढणार, वहीत नोंद करणार. म्हणजे कव्हराला वेष्टन म्हणून कामच नव्हतं. ते भिंतीवरचं सूचिपत्र झालं होतं. आणि सूचिपत्राला जे लागतं ते मुंबईच्या छपाईत नव्हतं, म्हणून अण्णांनी स्वतःच्या हातानं घातलं.

पहिला नंबर. उजव्या वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या कागदाचा चौकोन, त्यावर काळ्या मार्करनं देवनागरी आकडा. नायकाच्या कपाळावर आला तरी चालेल, जागा बदलायची नाही. भिंतीवरचं कुठलंही कव्हर असो, डोळा थेट त्या कोपऱ्यात जायचा.

दुसरं नाव. हिंदी सिनेमांची नावं कव्हरावर बहुतेक रोमन अक्षरांत. पाथरी, मानवत, पूर्णा, गंगाखेडहून येणाऱ्या गिऱ्हाइकाला ती पटकन वाचता यायची नाहीत. अण्णांनी कण्यावर, म्हणजे त्या जेमतेम 25 मिलिमीटरच्या पट्टीवर, देवनागरीत नाव लिहिलं. अक्षरं एकाखाली एक रचली असती तर शिरोरेषा तुटली असती आणि वेलांट्या-मात्रा शेजारच्या अक्षरात घुसल्या असत्या. त्यांनी सगळी ओळच आडवी फिरवली, शिरोरेषा कण्याच्या उजव्या कडेला लावून एका दमात खाली ओढली. सगळ्या कव्हरांवर ती रेष एकाच अंतरावर आहे. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

तिसरी टिकली. हे मी आजवर कुठंच पाहिलं नव्हतं. शेजारी बांगड्या-टिकल्यांचं दुकान होतं. तिथून मखमली टिकल्यांची पाकिटं आणून अण्णांनी कव्हरांवर चिकटवल्या. लाल टिकली म्हणजे नवा माल. पिवळी म्हणजे घरातल्या सगळ्यांनी मिळून बघण्यासारखा. काळी म्हणजे मारधाड. दोन टिकल्या म्हणजे सिनेमा दोन कॅसेटींत आहे. ई-180 कॅसेटीत साधारण 258 मीटर फीत असते आणि ती तीन तास चालते, त्याहून लांब सिनेमा एका कॅसेटीत बसायचा नाही.

हे टिकलीचं शास्त्र का लागलं, ते गिऱ्हाईक कोण होतं हे कळल्याशिवाय उमगत नाही. ज्या मराठवाड्यात पैठण रस्त्यावरच्या चितेगावला व्हिडिओकॉनचे टीव्ही तयार व्हायचे, त्याच मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत टीव्ही बघायला मिळायचा तो भाड्यानं. बारसं, जावळ, गणपती, पोळ्याची करमणूक, काही ना काही निमित्त काढून गावातला एखादा जाणता माणूस परभणीला यायचा. एका रात्रीसाठी रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी घेऊन परत निघायचा. पटांगणात किंवा शाळेसमोर टीव्ही ठेवायचा आणि रात्रभर तीन सिनेमे. वीज गेली तर जनरेटर. त्या माणसाला शेवटची एसटी गाठायची असायची आणि निवड करायची असायची सगळ्या गावासाठी. म्हाताऱ्या, सुना, पोरं, पाटील, सगळे एकाच सतरंजीवर बसणार. भलतंच काही लागलं तर त्याला गावात तोंड दाखवायला जागा नाही. अण्णा म्हणाले, "तीनमधला पयला पिवळी टिकली, दुसरा लाल, आन् काळी शेवटाला. तवर बायामाणसं उठून गेलेली असतेत. कव्हरावर काय का चित्र असंना, लोकं टिकली बघून न्यायचे."

कृषी विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या पोरांचं गणित वेगळं. ती इंग्रजी मारधाडीची गिऱ्हाइकं. त्यांना टिकलीची गरज नव्हती, पण पाठीमागच्या शेऱ्याची होती. अण्णा प्रत्येक कव्हराच्या आतल्या कोऱ्या बाजूला बॉलपेननं लिहून ठेवायचे: "इंटरवलनंतर आवाज बारीक", "शेवटचं गाणं नाही", "खालून जाहिराती फार पळतात". पडद्याच्या तळाशी सरकणाऱ्या जाहिरातींची ती सवय आपल्या पिढीला अजून आठवत असेल. हे शेरे गिऱ्हाइकाला वाचून दाखवूनच कॅसेट दिली जायची. विकणाऱ्यानं आपल्याच मालाचे दोष त्याच्या कव्हरावर लिहून ठेवावेत, असं पॅकेजिंग मी माझ्या कामात दुसरं पाहिलेलं नाही.

आणि ज्यांची इनले कार्डं फाटली, भिजली किंवा उंदरांनी खाल्ली, त्यांची कव्हरं अण्णांनी स्वतः केली. दुसऱ्या लायब्ररीतल्या कव्हराची काळी-पांढरी झेरॉक्स, तिच्यावर स्केचपेननं रंग. साडी गुलाबी, आग नारिंगी, मिशा पुन्हा काळ्या. काही ठिकाणी सिने-साप्ताहिकातला फोटो कापून डकवलेला. माझ्या मते या संग्रहातला सगळ्यात मोलाचा भाग हाच. छापील इनले कार्ड दुसरीकडं कुठंतरी मिळेल. हे एकच आहे.

एक कव्हर जवळून

मारधाडीच्या एका हिंदी सिनेमाचं कव्हर दाराजवळच्या खिळ्याला वर्षानुवर्षं लटकलेलं होतं. संध्याकाळचं ऊन थेट त्याच्यावर यायचं. आज ते पूर्ण निळं दिसतं. चार रंगांच्या छपाईत पिवळा आणि किरमिजी हे रंग उन्हात आधी उडतात. निळा आणि काळा तग धरतात. म्हणून जुन्या दुकानांच्या दारातली पोस्टरं निळसर पडतात. नायकाचा चेहरा थंडगार, मागची आग फिकी निळी.

या कव्हरावरची काळी टिकली कधीतरी सुटून पडली होती. तिच्या जागी डिंकाचा तपकिरी गोल डाग राहिला होता, आणि त्या गोलात, टिकलीच्या मापाएवढ्या जागेत, मूळची छपाई जिवंत होती. लालभडक, नारिंगी कडेची. सगळ्या कव्हराचा मूळ रंग काय होता ते तेवढ्या ठिपक्यावरून कळलं. पुतण्यानं भिंगातून ते बघितलं आणि त्यानंतर टिकल्या 'साफ' करण्याचा विषय त्यानं काढला नाही. त्याच्या मित्राचा विचार होता की कव्हरं स्कॅन करून संगणकावर नंबर, टिकल्या, डाग काढून टाकावेत आणि स्वच्छ पोस्टरं छापावीत. तसं केलं असतं तर उरली असती फक्त मुंबईची छपाई.

पाकिटं काढणं सगळ्यात कठीण काम होतं. ती पीव्हीसीची होती. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घालतात ते वर्षांनंतर बाहेर झिरपतं आणि छपाईची शाई सोडवून स्वतःला चिकटवून घेतं. परभणीचा मे महिना, वर पत्र्याचं छत. काही पाकिटं ओढली असती तर नायिकेचा चेहरा प्लास्टिकवर आणि कागद कोरा, अशी गत झाली असती. म्हणून एक नियम ठरला: सहज सुटेल तेवढंच सोडवायचं. जिथं चिकटलंय तिथं पाकिटाची न चिकटलेली बाजू ब्लेडनं कापून काढायची आणि चिकटलेली तशीच राहू द्यायची. सुटलेली कव्हरं पॉलिप्रॉपिलीनच्या नव्या पाकिटांत, मध्ये साधा आम्लविरहित कागद. सेलोटेप ओढायची नाही. वाळवी आणि कसर लागलेली कव्हरं वेगळ्या खोक्यात.

कॅसेटींचं काय

सगळ्यांचं लक्ष कव्हरांवर होतं, आणि कॅसेटी नुसत्या भरताड म्हणून भिंतीत रचायचा बेत होता. सिनेमांच्या कॅसेटींबद्दल माझी हरकत नव्हती. ते सिनेमे आज इतर ठिकाणी याहून चांगल्या प्रतीत बघता येतात. पण सगळ्यात खालच्या फळीवर पांढऱ्या डब्यांचा एक गठ्ठा होता. ना चित्र, ना टिकली. कण्यावर फक्त दोन नावं, गावाचं नाव आणि तारीख.

त्या लग्नाच्या कॅसेटी होत्या. लायब्रऱ्या त्या काळात शूटिंगच्या आणि कॉपी करून देण्याच्या ऑर्डरीही घ्यायच्या. नातेवाइकांसाठी दुसरी प्रत काढायला दिलेली कॅसेट न्यायला लोक आलेच नाहीत, असं अण्णा सांगतात. त्यांतच शाळांची स्नेहसंमेलनं होती, एका सप्ताहातली कीर्तनं होती. हे दुसरीकडं कुठंही मिळणार नाही. आणि वेळ थोडा आहे. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिनं जुलै 2016 मध्ये उत्पादन बंद केलं. जी यंत्रं आहेत ती जुनी, सुटे भाग मोडीत काढलेल्या यंत्रांतून घ्यायचे. फितीवर बुरशी आली असेल तर ती कॅसेट तशीच यंत्रात घालणं घातक. फीत वाचणाऱ्या हेडचा ड्रम मिनिटाला 1500 फेरे घेतो, बुरशी हेडमध्ये भरते आणि पुढची प्रत्येक कॅसेटही खराब होते.

इथं मी स्पष्ट भूमिका घेतली की खर्चाचा पहिला रुपया या पांढऱ्या डब्यांवर जावा, भिंतीवर नव्हे. पुतण्याचं बजेट लहान होतं आणि त्याला धंदा सुरू करायचा होता, त्यामुळं हा निर्णय त्याच्यासाठी सोपा नव्हता. दोन दिवस तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "अण्णा, वह्या काढा." अण्णांच्या जुन्या वह्यांत गिऱ्हाइकाचं नाव, गाव आणि कुणाच्या ओळखीनं आला ते लिहिलेलं होतं. ओळखीचा धागा धरून फोन सुरू झाले. कुणी नवी मुंबईला, कुणी पुण्याला, कुणी तिथंच मळ्यात. लग्नांचं शूटिंग करणारे एक जुने व्हिडिओग्राफर गावातच निघाले. त्यांच्याकडं चालू व्हीसीआर होता. कॅसेटीच्या पाठीचे पाच स्क्रू काढून, बुरशी आलेली फीत आधी हातानं स्वच्छ करून, मगच ते ट्रान्सफरला, म्हणजे संगणकावर प्रत काढायला, लावतात.

जिंतूर रोडला राहणाऱ्या एक काकू स्वतः आल्या. त्यांच्या लग्नात त्यांचे वडील बोलताना दिसतात, आवाजासकट. घरात त्यांचे फोटो होते, आवाज कुठंच नव्हता. व्हिडिओग्राफरनी पेन ड्राइव्ह दिला तर त्या म्हणाल्या, "डबी पण द्या." पांढरी, कोरी, कण्यावर अण्णांचं अक्षर असलेली डबी त्या घेऊन गेल्या.

या कॅसेटी दुकानात कुठंही मांडायच्या नाहीत, नावं दिसतील असा एकही फोटो काढायचा नाही, हेही तेव्हाच ठरलं.

दुकान शेवटी कसं झालं

कायद्याचा मुद्दा आधी मिटवावा लागला. सिनेमाचे हक्क प्रदर्शनाच्या वर्षानंतर 60 वर्षं टिकतात आणि चित्रकाराच्या कलाकृतीचे त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. म्हणजे 1980 च्या दशकातलं पोस्टर मेनू कार्डावर, कपावर किंवा पिशवीवर छापणं परवानगीशिवाय चालणार नाही. आपल्याकडं असलेलं अस्सल छापील कव्हर भिंतीवर लावणं वेगळं आणि त्याच्या प्रती काढून माल विकणं वेगळं. नकली कव्हरं भिंतीवर लावली नाहीत, पण नष्टही केली नाहीत. धंदा कसा चालायचा याची ती नोंद आहे.

मग छापायचं काय? अण्णांचं. त्यावर हक्क त्यांचाच होता आणि त्यांनी तो आनंदानं दिला. मेनू कार्ड कॅसेटच्या मापाचं, 187 बाय 103 मिलिमीटर. उजव्या वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या चौकोनात देवनागरी आकडा. ऑर्डर नंबरानं द्यायची. नावं अण्णांच्या अक्षरात, त्यांनी नव्यानं लिहून दिलेली. टिकल्या तशाच: लाल म्हणजे आज नवं, पिवळी म्हणजे लेकराबाळांना चालणारं, काळी म्हणजे तिखट. सुशीला, म्हणजे आपला चुरमुऱ्यांचा नाश्ता, पिवळ्या टिकलीवर आहे. ठेच्याच्या भजीला काळी. टिकल्या छापलेल्या नाहीत. मखमली टिकल्या आणून हातानं चिकटवल्या आहेत, सुटल्या की नव्या लावतात.

अस्सल कव्हरांपैकी निवडक भिंतीवर आहेत, पण ऊन येणाऱ्या बाजूला एकही नाही, आणि दर काही महिन्यांनी बदलायची आहेत. निळं पडलेलं ते दाराजवळचं कव्हर टिकलीच्या ठिपक्यासकट मध्यभागी लावलंय. झेरॉक्सवर स्केचपेननं रंगवलेली कव्हरं खुल्या भिंतीवर लावायला मी विरोध केला, कारण स्केचपेनचा रंग छापील शाईपेक्षाही लवकर उडतो. त्यांचे फोटो काढून ठेवलेत आणि मूळ कव्हरं बंद खोक्यात आहेत.

सगळं जमलं असं नाही. विशीतली मुलं निऑनच्या भिंतीसमोर फोटो काढायला तयार असतात, आकड्यांच्या भिंतीसमोर तेवढी नाही. पुतण्याला ते जाणवतं आणि मित्र त्याला ते अधूनमधून ऐकवतो. नंबरानं ऑर्डर देणं नव्या गिऱ्हाइकाला आधी अवघड जातं. पण पन्नाशीपुढची माणसं येतात, भिंतीवरचा एखादा आकडा वाचतात आणि सिनेमाचं नाव न बघता सांगतात. काही जण अण्णांशी भांडतातसुद्धा, की अमुक कॅसेट त्या साली तुम्ही आम्हाला दिली नव्हती, दुसऱ्या गावाला दिली होती. अण्णा वही काढून दाखवतात.

कव्हरं पुढं कुठं जावीत यावर एकमत नाही. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून सिनेमांबरोबर पोस्टरं आणि गाण्यांच्या पुस्तिकाही जपतं, त्यामुळं छापील इनले कार्डं तिकडं द्यावीत असं व्हिडिओग्राफरांचं म्हणणं. माझं म्हणणं असं की छापील कार्ड आणि अण्णांचा आकडा-टिकली-शेरा वेगळे करता येणार नाहीत, द्यायचं तर संग्रह अख्खा द्यावा आणि वह्यांसकट द्यावा, नाहीतर परभणीतच ठेवावा. अण्णांना वाटतं की त्यांच्या हयातीत काहीच हलू नये. तेच सध्या मान्य केलंय.

पांढऱ्या डब्यांपैकी बऱ्याच अजून बिनवारसी आहेत. पुढचा उन्हाळा यायच्या आत त्यांचं ट्रान्सफर उरकायचंय. क्रम असा ठरलाय: आधी बुरशी आलेल्या, मग कीर्तनं आणि स्नेहसंमेलनं, मग ज्यांच्या कण्यावर गावाचं नाव वाचता येतं त्या, आणि ज्यांच्यावर काहीच लिहिलेलं नाही त्या शेवटी, कारण त्या कुणाच्या हे आत बघितल्यावरच कळणार. व्हिडिओग्राफरनी दुसऱ्या व्हीसीआरसाठी सेलूतल्या एका घरात शब्द टाकून ठेवलाय.